चित्रकाराचं सिंहावलोकनी प्रदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच चित्रकाराचं तीस-चाळीस-पन्नास वर्षांचं काम एका छताखाली लागतं तेव्हा ते पाहावं कसं, आणि असं प्रदर्शन उभं राहतं कसं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न पाहणाऱ्यांचे आहेत. नंतरचे प्रश्न ज्यांच्या घरी किंवा संस्थेत एखाद्या चित्रकाराचं काम आहे त्यांचे आहेत. उदाहरण म्हणून भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं प्रदर्शन पुन्हा पुन्हा येईल, कारण अशा प्रदर्शनातल्या जवळपास सगळ्या अडचणी आणि सगळा आनंद त्यात आहे.

सिंहावलोकनी प्रदर्शन आणि नेहमीचं एकल प्रदर्शन यांत फरक काय?

एकल प्रदर्शनात चित्रकाराचं बहुधा गेल्या एक-दोन वर्षांतलं काम असतं, आणि ते बरेचदा विक्रीला असतं. सिंहावलोकनी प्रदर्शनात विद्यार्थिदशेपासून शेवटच्या कॅनव्हासपर्यंतचं निवडक काम असतं, ते ठिकठिकाणच्या मालकांकडून उसनं आणलेलं असतं आणि विक्रीला नसतं. एकल प्रदर्शनात आपण एकेक चित्र पाहतो. इथे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत काय बदललं ते पाहायचं असतं.

गायतोंडे यांचं प्रदर्शन कुठे झालं? त्यात काय होतं?

२४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात. क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून मांडणी करणाऱ्या, होत्या संधिनी पोद्दार. एखाद्या संग्रहालयाने भरवलेलं गायतोंडे यांचं हे पहिलं सिंहावलोकनी प्रदर्शन. पुढे ते व्हेनिसच्या पेगी गुगनहाइम संग्रहालयात ३ ऑक्टोबर २०१५ ते १० जानेवारी २०१६ असं लागलं. कॅनव्हास आणि कागदावरची कामं मिळून ४५ कलाकृती होत्या आणि त्या ३० संग्रहांतून आल्या होत्या. म्हणजे सरासरी एका मालकाकडून दीड चित्र. प्रत्येक मालकाशी वेगळा करार, वेगळा विमा, वेगळी वाहतूक. ४५ चित्रांमागे केवढं काम असतं, याचा अंदाज या एका आकड्यावरून यावा.

त्यांच्या कामातली वळणं कोणती? पाहताना कशाकडे लक्ष द्यायचं?

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. घराणं गोव्याचं. १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्या काळातल्या कामावर लघुचित्रांची सावली स्पष्ट दिसते: सपाट रंग, ठळक रेषा, मोजक्या आकृती. १९५०च्या दशकात युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांच्या कामाचा परिणाम दिसतो, रेषा मोकळी होते, आकृती तुटत जातात. दशक संपता संपता आकृती जवळजवळ नाहीशी होते.

पुढचं वळण साधनांचं आहे, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ थांबावं. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग मिसळायची बोथट सुरी) येतात. रंगाचे पातळ थर एकावर एक चढतात, काही ठिकाणी खरवडले जातात. फाडलेल्या वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलले की कडा धूसर, आकार अर्धवट राहतो. त्यांच्या चित्रांत कुठली तरी विसरलेली लिपी असावी असं जे वाटतं, ते बरंचसं या कागदांमुळे. १९६४-६५ मध्ये ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आडवा कॅनव्हास मागे पडून उभा येतो. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. आडव्या चित्रात डोळा क्षितिज शोधतो, उभ्या चित्रात तो आधार मिळत नाही. १९८४ साली अपघात झाला, मोठे कॅनव्हास थांबले आणि कागदावर शाईची छोटी रेखाटनं सुरू झाली. त्यानंतर पुन्हा कॅनव्हास. २००१ साली त्यांचं निधन झालं.

शाईची ती रेखाटनं पाहून अनेक जण पुढे सरकतात. तसं करू नये. मोठ्या कॅनव्हासमधली खूण रंगाच्या थरांत मुरलेली असते. इथे तीच खूण कागदावर उघडी पडलेली दिसते.

सुरुवातीची, शिकाऊ वाटणारी चित्रं का लावतात? चांगलीच लावावीत ना?

मापाचं टोक असल्याशिवाय अंतर मोजता येत नाही. बार्सेलोनाच्या पिकासो संग्रहालयात १८९७ सालचं ‘विज्ञान आणि दया’ हे मोठं चित्र आहे. त्यात आजारी बाई, नाडी पाहणारा डॉक्टर आणि मूल घेतलेली जोगीण आहे. पिकासो तेव्हा पंधरा वर्षांचे होते. ते चित्र पाहिलं की त्यांनी पुढे केलेली आकृत्यांची मोडतोड न येण्यातून झालेली नाही, येत असलेलं बाजूला ठेवून केलेली आहे, हे कुणी सांगावं लागत नाही.

मात्र ‘प्रगती’ हा शब्द जपून वापरावा. नंतरचं ते वरचढच, असं नसतं. काही चित्रकारांचं मधल्या दहा वर्षांतलं काम सर्वांत जिवंत असतं आणि पुढे तेच परत परत येत राहतं. प्रामाणिक प्रदर्शन हे झाकत नाही.

कालक्रमानेच लावायला हवं का?

बंधन नाही. विषयानुसार, माध्यमानुसार, गावांनुसारही लावतात. पण चित्रकार बदलला कसा हे दाखवायचं असेल, तर काळाच्या ओघाला पर्याय नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये पीट मोंद्रियान यांची सुमारे ३०० कामं आहेत. तिथली तीन झाडं शेजारी शेजारी मनात लावून पाहा: १९०८-१० चं पेटल्यासारखं लाल झाड, १९११ चं करडं झाड, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड. पहिल्यात फांद्या आहेत, दुसऱ्यात फांद्यांच्या कमानी, तिसऱ्यात फक्त कमानी. पहिल्या दोहोंच्या मधे एक घटना आहे: १९११च्या शरद ऋतूत आम्सटरडॅमच्या एका प्रदर्शनात मोंद्रियान यांनी पिकासो आणि ब्राक यांची घनवादी, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी, चित्रं पाहिली. ही तीन चित्रं ‘निसर्ग’ या विषयाखाली इतर वीस चित्रांत मिसळली, तर ही गोष्ट कुणालाही दिसणार नाही.

मधला मार्ग असा: दालनांचा क्रम काळाचा ठेवायचा आणि एका दालनाच्या आत विषयाने जुळणी करायची.

दीड तासच हातात आहे. कसं पाहावं?

पहिली पंधरा मिनिटं न थांबता सगळी दालनं चालून यावं, शेवटच्या चित्रापर्यंत. लेबलं वाचायची नाहीत. मग सुरुवातीला परत यावं. आता कुठे पोहोचायचं आहे हे ठाऊक असल्यामुळे जुन्या चित्रांत पुढच्याच्या खुणा सापडू लागतात. त्यानंतरचा तासभर तीन वळणांना द्यावा, प्रत्येक ठिकाणी वळणाआधीचं एक आणि नंतरचं एक चित्र. सहा चित्रं, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं. उरलेला वेळ वह्या, पत्रं आणि रेखाटनांच्या काचपेटीसाठी राखून ठेवावा. सगळ्या ६०-७० चित्रांना सारखा वेळ द्यायला गेलं, तर प्रत्येकाला मिनिटभरच येतं आणि घरी गेल्यावर काही आठवत नाही.

प्रत्येक वळणाशी चार गोष्टी विचाराव्यात: कॅनव्हासचा आकार बदलला का, साधन बदललं का, रंगांची संख्या बदलली का, चित्रकार तेव्हा कुठे राहत होता. शेवटच्या प्रश्नात जागेचा प्रश्नही येतो. लहान खोलीत राहणारा माणूस सहा फुटी कॅनव्हास सहसा रंगवत नाही.

दालनात इतका अंधार का ठेवतात?

शाई, जलरंग, छापचित्रं, छायाचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, तैलरंगांवर १५० ते २००. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही. हिशेब सोपा आहे: दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ६ दिवस, १३ आठवडे म्हणजे ६२४ तास. ५० लक्सने ३१,२०० लक्स-तास होतात, २०० लक्सने १,२४,८००. म्हणून कागदावरचं काम तीन-चार महिने दाखवलं की काही वर्षं अंधारात विश्रांतीला जातं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढं थांबावं.

आज दिसतात ते रंग चित्रकाराने लावले तसेच आहेत का?

बरेचदा नाहीत. व्हॅन गॉग यांच्या १८८८ सालच्या ‘शयनगृह’ चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्यांनी पत्रात त्या फिकट जांभळ्या लिहिल्या आहेत. मिश्रणातला लाल उडाला आणि निळा मागे राहिला. क्रोम पिवळाही प्रकाशात तपकिरी पडतो. त्यामुळे ‘या काळात त्यांचा रंग थंड झाला’ असं म्हणण्याआधी रंगद्रव्य टिकाऊ होतं का, हे पाहावं लागतं.

चित्रांवर तारीख नसते, मग लेबलवर वर्ष येतं कुठून?

या प्रश्नावर सगळं प्रदर्शन उभं असतं, कारण वर्ष चुकलं की क्रम चुकतो आणि क्रम चुकला की सांगितलेली गोष्टच खोटी ठरते.

पहिला पुरावा चित्राची मागची बाजू. स्ट्रेचरवरचं (कॅनव्हास ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवरचं) दुकानाचं नाव, फ्रेमवाल्याचं लेबल, जुन्या प्रदर्शनाची चिकटवलेली चिठ्ठी, चित्रकाराचा पत्ता. पत्ता फार कामाचा असतो, कारण माणूस त्या घरात कधीपासून कधीपर्यंत होता हे सापडतं. दुसरा पुरावा कागदांचा: जुने कॅटलॉग, विक्रीच्या पावत्या, वर्तमानपत्रातलं परीक्षण, स्टुडिओतली छायाचित्रं. छायाचित्रात पाठीमागच्या भिंतीवर एखादं चित्र दिसत असेल, तर ते त्या तारखेच्या आधीचं आहे इतकं तरी पक्कं होतं. तिसरा पुरावा पत्रांचा. व्हॅन गॉग यांनी चित्रांवर तारखा फारशा घातल्या नाहीत, पण भाऊ थिओ यांना चालू कामाबद्दल ते सतत लिहीत, त्यामुळे फ्रान्समधल्या आर्ल गावातली चित्रं जवळजवळ आठवड्यापर्यंत लावता येतात. १८८६ ते १८८८ या पॅरिसच्या दोन वर्षांत दोघे भाऊ एकत्र राहत होते, पत्रं नाहीत, आणि म्हणून तोच काळ कालनिश्चितीला सर्वांत अवघड आहे.

चौथा पुरावा द्रव्याचा. टायटॅनियम पांढरा १९२०च्या सुमारास बाजारात आला, थॅलो निळा १९३५ साली. १९१० सालचं म्हणून दाखवलेल्या चित्राच्या मूळ थरात थॅलो निळा सापडला, तर ते वर्ष बाद होतं. क्ष-किरणांनी खालचं चित्रही दिसतं. व्हॅन गॉग यांच्या १८८७ सालच्या एका गवताच्या चित्राखाली २००८ साली शेतकरी बाईचा चेहरा सापडला. तो त्यांनी आधी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी काढलेल्या चेहऱ्यांसारखा आहे, म्हणजे जुना कॅनव्हास पुन्हा वापरला होता.

शैलीवरून वर्ष ठरवणं सर्वांत शेवटी. कारण शैली वर्षानुसार बदलली हे आपल्याला सिद्ध करायचं असतं, आणि वर्ष शैलीवरून ठरवलं तर आपण स्वतःभोवती फिरत राहतो. गायतोंडे यांची बहुतेक चित्रं ‘शीर्षकविरहित’ आहेत. जुन्या कॅटलॉगात ‘शीर्षकविरहित, १९७३’ एवढीच नोंद असेल, तर ते नेमकं कोणतं चित्र हे माप, छायाचित्र आणि मालकीचा इतिहास जुळवूनच कळतं.

चित्रकाराने स्वतः तारीख घातली असेल तर ती मानायची ना?

मानायची, पण तपासून. १९२९ साली मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह दालनात अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे काझिमिर मालेविच यांचं प्रदर्शन झालं. त्याच्या आसपास त्यांनी नव्याने जुन्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) धाटणीची चित्रं काढली आणि त्यांवर पंचवीसएक वर्षं मागच्या तारखा घातल्या. स्वतःचा प्रवास पाठ्यपुस्तकातल्यासारखा नीट क्रमाने दिसावा, ही इच्छा त्यामागे होती असं अभ्यासक मानतात. पुढची अनेक वर्षं त्या चित्रांनी अभ्यासकांना चकवलं. यापेक्षा साधी चूकही होते: चित्र विकताना दहा वर्षांनी सही केली जाते आणि आठवणीने वर्ष घातलं जातं.

लेबलवर ‘सुमारे १९५८’ आणि ‘१९५७-५९’ यांत फरक आहे का?

आहे. पहिल्याचा अर्थ त्या वर्षाच्या आसपास, नेमकं माहीत नाही. दुसऱ्याचा अर्थ काम १९५७ साली सुरू होऊन १९५९ साली संपलं.

चित्रकाराचं सर्वांत गाजलेलं चित्रच नाही, असं का होतं?

मालक देत नाही, चित्र प्रवास सोसणार नाही, विमा परवडत नाही, किंवा ते त्याच महिन्यात दुसरीकडे लागलेलं असतं. संग्रहालयं उसनवारीची विनंती किमान सहा महिने ते एक वर्ष आधी मागतात. सोबत तुमच्या दालनाचा तपशील द्यावा लागतो: तापमान, आर्द्रता, प्रकाश, पहारा, आग विझवण्याची सोय, मालवाहू लिफ्टचं माप. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण सात फुटी कॅनव्हास दारातून आत न गेल्यामुळे यादीच बदलावी लागते. एखादं नेमकं चित्र मिळत नसेल, तर त्याच वर्षातलं लहान काम किंवा त्याचं रेखाटन लावावं. पूर्ण आकाराचा छापील फोटो लावून जागा भरू नये.

मुंबईत अशी प्रदर्शनं कुठे पाहायला मिळतात?

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे पहिलं ठिकाण. सर कावसजी जहांगीर हॉलच्या वास्तूत ते १९९६ साली सुरू झालं. दालनं अर्धवर्तुळाकार, एकावर एक, आणि शेवटचं घुमटाखाली, त्यामुळे काळाच्या क्रमाने लावलेलं काम आपण अक्षरशः चढत जातो. मांडणाऱ्यांना मात्र वक्र भिंतीचा त्रास असतो: मोठा कॅनव्हास दोन कडांना टेकतो आणि मधे फट राहते, म्हणून पुढे सरळ फळ्या उभ्या कराव्या लागतात. प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकन २०१९ साली इथेच झालं. परदेशात राहणाऱ्यांपैकी अनेकांनी सय्यद हैदर रझा यांचं पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातलं प्रदर्शन पाहिलं असेल, १५ फेब्रुवारी ते १५ मे २०२३. रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि जे. जे.मध्ये शिकले, १९५० साली फ्रान्सला गेले. मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगांपासून ‘बिंदू’पर्यंतचं, म्हणजे त्यांच्या वर्तुळाच्या अमूर्त चित्रांपर्यंतचं, अंतर एका रांगेत पाहायला मिळणं दुर्मीळ आहे.

वडील चित्रकार होते. घरी दोन-तीनशे चित्रं आहेत. प्रदर्शन करायचं तर सुरुवात कुठून?

नोंदवहीपासून. हॉलचं बुकिंग त्यानंतर.

काहीही हलवण्याआधी चित्रं जिथे, जशी ठेवलेली आहेत तसा प्रत्येक कपाटाचा आणि माळ्याचा फोटो घ्या. एकत्र ठेवलेली चित्रं बरेचदा एकाच काळातली असतात, आणि हा पुरावा आवरताना पहिल्या दिवशीच नष्ट होतो. मग प्रत्येक कामाला क्रमांक द्या. कॅनव्हास असेल तर स्ट्रेचरच्या लाकडावर मऊ पेन्सिलने, कागद असेल तर मागे खालच्या कोपऱ्यात अगदी हलक्या हाताने. बॉलपेन, मार्कर, स्टिकर, सेलोटेप यांतलं काहीही नको. मार्करची शाई कागदातून पुढे येते, सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कायमचा राहतो.

प्रत्येक क्रमांकासमोर: माध्यम, उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये (उंची आधी), सही कुठे आहे, मागे काय लिहिलंय ते जसंच्या तसं, अवस्था, आणि वर्ष कशावरून ठरवलं ते. हा शेवटचा रकाना सोडू नका. ‘आईने सांगितलं’ हाही नोंदवण्याजोगा पुरावा आहे, फक्त तो तसा लिहिलेला हवा.

फोटो पुढून, मागून आणि सहीचा जवळून. ऊन थेट नको, फ्लॅश नको, फोटोच्या चौकटीत रंग तपासायला करड्या रंगाचं कार्ड आणि मोजपट्टी असावी. कॅटलॉगसाठी ए-फोर आकारात ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात. एका कामाला पंधरा मिनिटं धरली, तर ३०० कामांना ७५ तास होतात, दोघांनी मिळून रोज पाच तास बसलं तर पंधरा दिवस. हे पंधरा दिवस वाचवायला गेलेल्या घरांत नंतर चित्रं हरवतात.

वह्या, पत्रं, आमंत्रणपत्रिका, रंगाच्या दुकानाच्या पावत्या रद्दीत देऊ नका. चित्रं कधीची, हे त्याच सांगणार आहेत.

किती चित्रं निवडावीत? भिंत किती लागते?

चित्राची सरासरी रुंदी १०० सेंमी आणि दोन चित्रांमधली जागा ६० सेंमी धरली, तर ६० चित्रांना ९६ मीटर भिंत लागते. मजकुराचे फलक, दारं, खिडक्या, विजेचे बोर्ड यांसाठी आणखी पाचवा हिस्सा धरा. नेहमीची चूक म्हणजे आवडती चित्रं आधी निवडणं. आधी वळणं लिहून काढा, समजा पाच आहेत, आणि प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंची चित्रं निवडा. उरलेली भिंत मग आवडत्यांना. आणि दोन टप्प्यांच्या मधे मुद्दाम मोठी मोकळी जागा सोडा, दीड-दोन मीटर. पाहणाऱ्याला काहीतरी बदललं हे वाचण्याआधीच कळतं.

चित्र किती उंचीवर टांगायचं?

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर. खिळ्याची उंची काढायचा हिशेब: १५०, अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा भाग, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. चित्र ९० सेंमी उंच आणि तार १२ सेंमी खाली असेल तर १५० + ४५ − १२ = १८३ सेंमी. तार हाताने वर ओढून, ताणलेल्या अवस्थेत मोजा. सैल मोजली की सगळी रांग खाली बसते. दोन खिळ्यांवर टांगलं तर चित्र पंख्याच्या वाऱ्याने तिरकं होत नाही. दिवा उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत ठेवा, त्यापेक्षा आडवा केला की काचेत चमक येते, फार उभा केला की फ्रेमची सावली पडते.

लेबलवर आणि फलकावर काय लिहावं?

लेबलवर शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, मालक. टिपण घालायचं तर ५०-६० शब्दांत, आणि त्यात चित्रात दिसत असलेल्या एका गोष्टीकडे बोट दाखवा. ‘भावनांचा कल्लोळ’ असलं काही नको. फलक १०० ते १२० शब्दांचा, दर टप्प्याला एक. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्यामुळे ओळींत जास्त अंतर लागतं. लेबलला २० पॉइंटच्या खाली आणि फलकाला ३६च्या खाली जाऊ नये. मराठी मजकूर आधी लिहा. इंग्रजीवरून केलेला मराठी फलक वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतो आणि तो पुढे वाचत नाही.

पावसाळ्यात प्रदर्शन ठेवलं तर चालेल?

मुंबईत आणि कोकण-गोव्यात टाळाच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि तिथे ती जुलैत ८० च्याही वर असते. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं हे सतत दमट ठेवण्याहूनही वाईट: कॅनव्हास रोज ताणतो आणि सैल पडतो, रंगाला तडे जातात. बाहेरून आलेली पेटी दालनात २४ तास न उघडता ठेवावी, म्हणजे आतली हवा हळूहळू जुळते. बुरशी दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते आणि डाग आत जातो. चित्र वेगळं ठेवा, मास्क लावा, संवर्धकाला बोलवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे.

पेस्टल किंवा कोळशाच्या रेखाटनांवर ॲक्रिलिकचा पत्रा लावू नका. त्यावर स्थिर वीज येते आणि रंगाची पूड वर खेचली जाते. काच वापरा, आणि काच चित्राला टेकणार नाही इतका जाड आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट).

चित्र आमच्या मालकीचं आहे, मग कॅटलॉगात छापायला परवानगी कशाला?

चित्राची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. गायतोंडे २००१ साली गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. अमृता शेरगिल १९४१ साली गेल्या, त्यांचा २००१ अखेर संपला. एक अपवाद लक्षात ठेवा: पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ज्याने काढून घेतलं त्याचा असतो.

परदेशातल्या प्रदर्शनासाठी चित्र पाठवता येतं का?

बहुतेक आधुनिक चित्रं पाठवता येतात. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली ‘कलानिधी’ आहेत. ती कायमची देशाबाहेर नेता येत नाहीत. प्रदर्शनासाठी तात्पुरत्या निर्यातीची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावी लागते. विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ असावा: घरच्या भिंतीवरून काढल्यापासून परत त्याच भिंतीवर लागेपर्यंत.

प्रदर्शनाने चित्रांची किंमत वाढते का?

वाढू शकते, पण क्रम नेहमी तसाच नसतो. गायतोंडे यांचं १९७९ सालचं चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं ते डिसेंबर २०१३ मध्ये, गुगनहाइमच्या आधी. भाव वाढले की बनावट चित्रं वाढतात आणि त्यांना प्रदर्शनाच्या कॅटलॉगात शिरायचं असतं, कारण कॅटलॉगातली नोंद पुढे खरेपणाचा दाखला म्हणून फिरते. म्हणून मालकीची साखळी तुटलेली असेल, तर चित्र कितीही सुंदर असलं तरी घेऊ नये. विक्रेत्याने फुकट प्रायोजकत्व देऊ केलं असेल तेव्हा तर दुप्पट तपासावं.

चित्र घेताना आणि परत देताना काय तपासायचं?

दोन्ही वेळा तोच अवस्था-अहवाल, त्याच क्रमाने, दोघांच्या सह्यांनी. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कडा, फ्रेमचे कोपरे. टॉर्च बाजूने, चित्राला जवळजवळ समांतर धरला की उचकटलेला रंग आणि कॅनव्हासवरचे पोचे दिसतात. समोरून धरला तर दिसत नाहीत. प्रत्येक खुणेचा फोटो आणि छापील फोटोवर लाल गोल. चित्र उचलताना फ्रेमच्या दोन्ही उभ्या बाजू धरायच्या. वरची पट्टी धरायची नाही, कारण जुन्या फ्रेमचा जोड तिथेच सुटतो. उतरवलेलं चित्र जमिनीवर थेट टेकवू नका, खाली दोन गाद्यांचे तुकडे ठेवा. आणि रोजचा झाडू-पोछा करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की भिंतीपासून एक फूट अंतर ओलं पुसायचं नाही.